वर्ताळ्याची दहा काडतुसं

भिकाजी पांचाळ मिस्त्रीला स्वस्थ बसलेला रत्नागिरीत कुणी पाहिला नव्हता. जेवायला बसायचा, पण तेही उकिडवा. उजव्या हातानं भात कालवायचा आणि डाव्या हातानं पाटाचा खिळा हलतोय का ते बघायचा. पालीला घरी जायला गाडी केली तर हा हातखंब्याच्या चढावर खाली उतरायचा आणि बैलांच्या आधी पालीत पोहोचायचा. गाडीवान बिचारा रिकामी गाडी घेऊन मागून यायचा.

त्याच्या लग्नातली गोष्ट तर पाली गावात अजून सांगतात. अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं चाललेली, आणि नवरदेवाला दिसलं की मांडवातल्या कंदिलाची कडी वाकडी आहे. झालं. टाचा उंचावून, हात वर करून हा कडी सरळ करायला लागला. इतक्यात अंतरपाट दूर झाला. काशी पुढं जन्मभर म्हणायची, "मला यांचं पहिलं दर्शन झालं ते काखेचं."

बाप लोहार, कोयते आणि विळे घडवणारा. भिकाजीचा हात त्याहून बारीक कामाचा. म्हणून तो पोलीस हेडक्वार्टरात बंदुकांचा मिस्त्री झाला. चाप दुरुस्त करावा, नळी साफ करावी, दस्ते बसवावेत. आवाराच्या कडेला मातीच्या कौली नळ्यांनी शाकारलेली एक खोपी होती, तिला सगळे मिस्त्रीखाना म्हणत. मागच्या लायनीत त्याची खोली. त्यामुळे घर ते काम एवढं अंतर तो दिवसातून वीस वेळा चालायचा आणि प्रत्येक वेळी काहीतरी विसरलेलं आणायला.

सत्तावीस साली नवीन फौजदार आले. त्यांच्या लक्षात आलं की शिपाई आठ महिने नेमबाजी शिकतात आणि पावसाळ्याचे चार महिने विसरतात. चांदमारीचं मैदान मिरजोळ्याच्या अंगाला सड्यावर. आषाढात तिथं धुकं असं उतरतं की निशाण सोडा, शेजारचा शिपाई दिसत नाही. फौजदारांनी बंदराजवळचं मिठाचं जुनं कोठार मागून घेतलं. लांबच लांब, जाड चिऱ्यांच्या भिंती, डोक्यावर छप्पर. शेवटी वाळूची पोती रचायची, पुढं निशाणं लावायची, आणि पाऊस हवा तेवढा पडू दे.

पण कोठारात नेहमीचं काडतूस कसं उडवणार? ते अर्ध्या कोसावर मारा करायला केलेलं. पोतीबिती फोडून, चिऱ्यावर आपटून उलटं आलं तर मारणाऱ्याचाच निकाल. शिवाय बंद जागेत त्या आवाजानं कानाचे पडदे राहायचे नाहीत. तेव्हा हवं मऊ काडतूस. म्हणजे उडवून झालेलं पितळी टरफल पुन्हा घ्यायचं, बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, आत चिमूटभर दारू, आणि तोंडाला हातानं ओतलेली शिशाची गोळी. ती सावकाश जाते, फट् करून वाळूत शिरते आणि तिथंच राहते.

"जमेल का, मिस्त्री?" फौजदारांनी विचारलं.

"जमलंच म्हणून समजा साहेब," असं म्हणताना भिकाजी दाराबाहेरही पडला होता.

जमायला तीन आठवडे लागले. शिसं मिळालं मिरकरवाड्यातून, जाळ्यांना लावायच्या गोळ्यांचं. ते इतकं मऊ की नळीच्या आतल्या आट्यांना लोण्यासारखं चोपडून बसलं. मग कल्हईवाल्याकडून कथील आणून त्यात मिसळलं. गोळी कडक झाली, पण कोरडी जाईना. तिला काहीतरी ओशट हवं. चरबी लावली तर कुठली चरबी म्हणून शिपाई दहा प्रश्न विचारतील, आणि त्यांचं काही चुकीचं नाही. भिकाजीनं घरात नजर फिरवली. फडताळात कोकमाच्या तेलाचे मुठीनं वळलेले गोळे होते, काशीनं वर्षाचे करून ठेवलेले. ते त्यानं मधाच्या पोळ्याच्या मेणात कढवले आणि गोळ्यांच्या खाचेत भरले. नळी आरशासारखी राहिली.

"माझ्या टाचांना भेगा पडल्या तरी चालतील," काशी म्हणाली, "सरकारच्या बंदुकीची टाच मऊ राहायला हवी."

"बंदुकीला टाच नसते गो."

"मग तेल कशाला खाते?"

यावर भिकाजी काहीतरी विसरलेलं आणायला गेला.

या काशीबद्दल एक सांगायला हवं. ती किनाऱ्याकडची. माहेरच्या शेजारी मोठी वाडी होती, माडांची आणि पोफळींची. लहानपणापासून ती तिथं नारळ निवडायला जायची. नारळ कानाशी धरून हलवायचा आणि सांगायचं, पाणी भरलेलं, पाणी अर्धं, गोटा झाला. हे सगळ्याच बायका करतात म्हणा. पण काशी चार नारळांत कोणतं खोबरं आठ दिवसांत सुटेल तेही सांगायची. बाजारातला नारळवाला तिला बघितलं की खालची टोपली पोत्यानं झाकायचा.

तर, मऊ काडतुसात एक मोठी मेख होती, आणि ती भिकाजीला पहिल्या दिवसापासून झोप लागू देत नव्हती. टरफल मोठं, दारू थोडी. तळाशी जेमतेम लागते. चुकून त्याच टरफलात दोनदा माप पडलं तरी ते उतू जात नाही. आत सुखानं मावतं, वर गोळी बसली की बाहेरून काही कळत नाही. आणि हेडक्वार्टरातल्या त्या रायफली म्हाताऱ्या, नळ्या झिजलेल्या. दुप्पट दारू त्या सोसतीलच असं कोण छातीवर हात ठेवून सांगणार? रायफल फुटते ती गालाशी फुटते. म्हणून भिकाजीनं वीस भोकांची फळी केली. वीस टरफलं उभी करायची, प्रत्येकात पितळी मापट्यानं सपाट एक माप घालायचं, मग फळी खिडकीपाशी नेऊन एकेका टरफलात डोकावायचं. दारूजवळ दिवा नेता येत नाही, म्हणून सगळं काम दिवसाच्या उजेडात. आणि फौजदारांचा कडक नियम होता, दारूला मिस्त्रीशिवाय कुणी हात लावायचा नाही.

हा नियम भिकाजीनं एकदाच मोडला.

झालं असं की, शुक्रवारी दहा वाजता कोठारात पहिली नेमबाजी ठरली. वीस शिपाई, दहा दहा गोळ्या, म्हणजे दोनशे काडतुसं. आणि बुधवारी सकाळी पालीच्या चौकीवरून निरोप आला की तिथल्या बंदुकीचा चाप अडकलाय, ताबडतोब या. फौजदार म्हणाले जा. भिकाजी गेला, पण जाताना भागोजीला बोलावून गेला.

भागोजी शिपाई आतल्या गावचा कुळवाडी. हात बांबूच्या मुळ्यांसारखे, आणि माणूस असा की उसनं मागायला गेलात तर त्याच्या घरातून दोन गोष्टी जास्त घेऊन याल. गोळ्या ओतायला तोच मदत करायचा.

"एका टरफलात एकच माप," भिकाजीनं बजावलं. "सपाट. विळ्याच्या पात्यानं वरचं काढून टाकायचं. एक जास्त नाही, एक कमी नाही."

"तुमी जावा मिस्त्री. माप घालण्यात माजा जन्म गेला."

आता यात खोटं काहीच नव्हतं.

गुरुवारी दुपारी बारा-साडेबाराला भिकाजी पालीहून चालत परत आला. चिखलानं मांड्यांपर्यंत माखलेला. खोपीत भागोजी वाट बघत होता, तोंडभर हसू. पेटीत दोनशे काडतुसं, सगळ्यांवर गोळ्या बसवलेल्या, कोकमाच्या तेलानं चकचकीत.

"बगा. दोनशे. आनि वर्ताळा पन सोडला नाय."

भिकाजी पंच्यानं पाय पुसत होता. तो थांबला. "कसला वर्ताळा?"

"म्हंजे काय वो? माप घालताना घालतात तो. वीस मापं झाली का एक वर. भात घालताना आमी असंच घालतो. इसाव्या मापावर वर्ताळा नाय दिला तर देनाऱ्याच्या घरात बरकत ऱ्हात नाय. तुमच्या कामात बरकत नको काय?"

"वर कुठं घातलंस, भागोजी?"

"इसाव्यातच. आनि कुटं घालनार?"

भिकाजीनं दारूचा डबा उघडून बघितला. मापट्यानं मोजायचीही गरज नव्हती. डबा खाली गेला होता तो नेमका तेवढाच जास्त. दोनशेत दहा विसावी. दहा काडतुसांत दुप्पट दारू, आणि ती दहा पेटीत बाकीच्या एकशेनव्वदांत मिसळलेली.

"उजेडात डोकावून बघितलंस ना?"

"बगितलं तर. समद्यात बगितलं. कुटं थोडी, कुटं जास्ती. जास्ती ती वर्ताळ्याची."

मिस्त्रीला ओरडावंसं वाटलं, पण कुणावर? नियम त्यानंच मोडलेला. फौजदारांना सांगितलं तर नेमबाजी थांबेल आणि भागोजीचा पट्टा उतरेल. त्याचा स्वतःचाही उतरला असता, पण ते त्याच्या डोक्यात नंतर आलं. न सांगितलं तर उद्या दहा वाजता वीस पोरं गालाला रायफल लावून उभी राहणार. त्यानं मनाशी ठरवलं, दिवेलागणीपर्यंत दहा सापडली तर ठीक, नाहीतर सरळ जाऊन सांगायचं.

मग जे सुरू झालं ते बघायला गेटावरचा पहारेकरी दादू जागा सोडून दोनदा येऊन गेला.

आधी सोनाराचा काटा आणला. दुप्पट दारू जड, म्हणजे काट्यावर कळेल. पण हातानं ओतलेली गोळी एक दुसरीसारखी नसते. टरफलंही कुठलं जाड, कुठलं पातळ. दारूचं वजन त्यात कुठल्या कुठं हरवून गेलं. तीस काडतुसं तोलली आणि तिसांचे तीस आकडे आले. काटा परत गेला. मग एक काडतूस चिमट्यात धरून त्यानं गोळी उपसली. तेवढ्याला पान जमवून, खाऊन थुंकण्याइतका वेळ लागला, आणि टरफलाचं तोंड दुमडलं ते वेगळंच. दोनशे उपसायची तर शनिवार उजाडेल. भिकाजी खिडकीशी गेला, दाराशी गेला, परत खिडकीशी आला. भागोजी कोपऱ्यात उभा, आता त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"मी जाऊन सांगतो सायबास्नी, माजा गुन्हा हाय."

"तू गप उभा राहा. हलू नको. एकजण हलतोय तेवढं पुरे."

इतक्यात काशी डोक्यावर सूप धरून भाकरी घेऊन आली. सकाळपासून नवऱ्याच्या पोटात काही नव्हतं. तिनं दोघांची तोंडं बघितली आणि फडकं तसंच बांधलेलं ठेवून विचारलं. भागोजीनं सगळं सांगितलं, एकही गोष्ट न लपवता. सांगताना एक काडतूस त्यानं हातात घेतलेलं होतं. तिनं ते घेतलं आणि हात आपोआप कानाशी गेला.

"यात सळसळतंय काहीतरी."

"ते नारळ नाही," भिकाजी म्हणाला.

"नारळ नाही ते दिसतंय मला. आत रिकामी जागा आहे ना? मग बोलणारच ते."

भिकाजी जागच्या जागी उभा राहिला, असं म्हणतात. मग त्यानं झटक्यात दोन टरफलं घेतली, एकात एक माप घातलं, दुसऱ्यात दोन, आणि गोळ्या दाबल्या. काशीनं डोळे मिटले. एक हलवलं, दुसरं हलवलं. "हे पातळ बोलतंय. हे दाट." त्यानं तिच्या पाठीमागं अदलाबदल केली. तिनं ओळखलं. पुन्हा केली, पुन्हा ओळखलं. तिसऱ्यांदा त्यानं लबाडीनं एकच काडतूस दोनदा दिलं, तर ती डोळे न उघडता म्हणाली, "मला फसवून तुम्हाला काय मिळायचंय?"

पेटी तिच्या पुढ्यात आली. पाच-सहा काडतुसं झाली असतील नसतील, आणि आषाढाची सर कोसळली. नळ्यांवर असा आवाज की जवळचं बोलणं ऐकू येईना, तिथं चिमूटभर दारूची काय कथा. काशीनं हात मांडीवर ठेवले.

"थांबेल."

"कधी?" भिकाजी म्हणाला.

"त्याला विचारा."

भिकाजीनं खरंच दारातून आभाळाकडं बघितलं. मग त्याला काही सुचलं. भागोजी इरलं डोक्यावर घेऊन छपरावर चढला आणि तबेल्यातून आणलेल्या भाताच्या पेंढ्या नळ्यांवर अंथरायला लागला. भिकाजी खालून फेकतोय, भागोजी वरून पसरतोय, दोघं चिंब. दादू पहारेकरी छत्रीतून बघत होता.

"काय मिस्त्री, छपराला थंडी वाजते?"

"तू तुझा गेट बघ."

"गेट कुठं जात नाही. तुमची खोपीच जाईल असं दिसतंय."

पेंढ्यांनी आवाज मऊ झाला, पण पुरता गेला नाही. काम उघडिपीतच होणार होतं. सर ओसरली की दहा-बारा काडतुसं व्हायची, पुन्हा सर आली की हात मांडीवर. काशी भिंतीसारखी स्थिर. तिच्या उजव्या हाताला बरी निघालेली काडतुसं, डाव्या हाताला दाट बोलणारी. भिकाजी मधल्या जागेत येरझाऱ्या घालायचा. त्याच्या पावलांचाही आवाज होतो म्हणून तिनं त्याला बाहेर काढलं, तेव्हा तो वळचणीखाली उभा राहून, दर घटकेनं डोकं आत घालून विचारायचा, "किती?"

"चार."

थोड्या वेळानं, "किती?"

"चारच. मघाशी विचारलंत तेव्हाही चारच होती."

चार वाजायच्या सुमाराला सात झाली. मग एकदम दोन. पाचाला दहावं डावीकडं गेलं आणि भिकाजी आत आला. त्यानं दहाही टरफलं चिमट्यात धरून फोडली. दहाच्या दहांत दुप्पट दारू. एकही चूक नाही.

"झालं," तो म्हणाला. दोन्ही हात डोक्यावर गेले. "दहा झाली. बंद कर पेटी, उजेड चाललाय. ही दहा मला परत भरायचीत."

"अजून चाळीसेक राहिलीत."

"दहाच होती गो. भागोजी, किती विसावी?"

"धा."

"ऐकलंस?"

काशीनं पुढचं काडतूस उचललं. "अर्धी टोपली निवडून उठायची आम्हाला सवय नाही. तुम्ही तुमची भरा, मी माझी ऐकते."

भिकाजी पुटपुटत खिडकीपाशी गेला. नवी टरफलं फळीत लावली, मापटं हातात घेतलं. पाठीमागं एकसारखी बारीक सळसळ चाललेली. मग ती थांबली. बाहेर पाऊस नव्हता. त्यानं वळून बघितलं. काशी एक काडतूस उजव्या कानाशी हलवत होती. मग डाव्या कानाशी. मग परत उजव्या.

"हे मुकं आहे," ती म्हणाली.

"कान दमले तुझे."

"माझे कान दमले नाहीत. हे बोलतच नाही."

भिकाजीनं ते घेतलं, चिमट्यात धरलं. गोळी निघाली. टरफल तळहातावर उलटं केलं. काही पडलं नाही. आपटलं, तरी नाही. आत दारूचा कण नव्हता.

त्यानं भागोजीकडं बघितलं. भागोजी खिडकीच्या चौकटीकडं बघत होता. तिथं कोपऱ्यात फणसाचं एक पान होतं, त्यावर एक माप दारू, बाजूला जास्वंदीचं फूल. दोन दिवस ते तिथंच होतं. भिकाजी त्याच खिडकीशी दुपारपासून पंचवीस वेळा उभा राहिला होता.

"लाभ," भागोजी म्हणाला. "पैलं माप देवाचं. येक म्हनत नाय आपन, लाभ म्हनतो. तो काडून ठेवला, मग दुसऱ्यापास्नं भरत गेलो. पैलं टरफल तसंच ऱ्हायलं वाटतं."

भिकाजीला पालीतल्या घरीही बापानं भात मोजताना लाभ म्हटलेलं आठवत होतं. 

दुप्पट दारूची त्याला दिवसभर भीती होती, पण हे मुकं काडतूस तिच्याहून वाईट, हे त्या खोपीत फक्त त्यालाच ठाऊक होतं. चाप ओढला की बुडाची टोपी तेवढी उडते. तेवढ्या जोरानं गोळी नळीत अर्ध्यावर जाते आणि अडकून बसते. आवाज होत नाही. शिपायाला वाटतं काडतूस फुसकं निघालं. तो दुसरं घालतो आणि चाप ओढतो. पुढं बूच मारलेल्या नळीत. तरुणपणी त्यानं असा एक हवालदार बघितला होता, डावी बाजू धड, उजवीकडं बघवत नसे.

आणि दहा झाली म्हणून त्यानं पेटी बंद करायला सांगितली होती.

"उरलेली ऐक," तो काशीला म्हणाला. "सावकाश ऐक. मी हलत नाही."

आणि तो हलला नाही. उरलेल्या काडतुसांना पाऊण तास लागला, मधे एक सर येऊन गेली. तेवढा वेळ भिकाजी मिस्त्री भिंतीला पाठ लावून उभा होता, मूठ आवळून, आणि त्याच्या पायाचा अंगठा तेवढा जमिनीत उकरत होता. काशी त्याला बसा म्हणाली नाही. दिवेलागणीच्या आत दुपारी उपसलेलं एक, ती दहा आणि हे अकरावं, अशी बारा काडतुसं त्यानं नव्यानं भरली, प्रत्येकात डोकावून. काशीनं तीही कानाशी धरून बघितली.

शुक्रवारी कोठारात ओली मिठाची हवा आणि शिपायांची रांग. फौजदार घड्याळ घेऊन उभे. पहिली गोळी सुटली, फट्, वाळूत शिरली. शिपाई हसायला लागले, कुणीतरी म्हणालं ही तर सुपारी फोडल्यासारखी वाजते. भिकाजी रांगेच्या मागं इकडून तिकडं फिरत ओठांतल्या ओठांत मोजत होता. प्रत्येक रायफलीच्या तोंडाकडं त्याची मान वळायची. भागोजी अकरावा होता रांगेत. त्याच्या दहा गोळ्या होईपर्यंत मिस्त्री त्याच्या खांद्यामागं उभा होता, तो वळून म्हणालाही, "सावली पडते वो निशाणावर."

दोनशेवी सुटली. कोठारात धूर फारसा नव्हता. फौजदारांनी निशाणं मागवली, बघितली, आणि म्हणाले, "मिस्त्री, एकही फुसकं नाही. शाबास."

"अकरा वाईट होती साहेब," भिकाजी म्हणाला. "काल काढली. दारूला मी दुसऱ्याचा हात लागू दिला होता. तो माझा गुन्हा."

भागोजी पुढं व्हायला लागला, त्याला त्यानं कोपरानं मागं ढकललं. फौजदारांनी घड्याळ मिटून खिशात टाकलं. "काढली कुणी?"

"घरातल्या माणसानं."

"कसं?"

"कानानं."

फौजदारांनी काय समजायचं ते समजून घेतलं असावं. त्यांनी भिकाजीचा आठ दिवसांचा पगार कापला आणि पुढच्या महिन्यापासून काशीला काडतुसं ऐकायला खोपीत यायची परवानगी दिली, तीही तोंडी, कागदावर नाही. भागोजी पुढंही मदतीला असायचा. लाभाचं माप तो मिस्त्रीकडून पानावर काढून घ्यायचाच. फक्त आता आधी माप काढायचं, फूल वाहायचं, आणि मगच टरफलं फळीत लावायची. आणि वर्ताळा म्हणून विसावं टरफल भरल्यावर भिकाजी त्याला एक पान जमवून द्यायचा.

त्या शुक्रवारी सगळे शिपाई बाहेर पडल्यावर भिकाजी कोठारातल्या वाळूच्या एका पोत्यावर बसला. नीट, मांडी घालून. भागोजी दारातून हाक मारून दमला, "चला वो मिस्त्री, पाऊस येतोय." पाऊस आला, कोठाराच्या छपरावर धडाधड वाजला आणि गेलाही. मिस्त्री उठला तेव्हा बारा वाजून गेले होते, आणि बंडीच्या खिशात हात घालून तो ते मुकं टरफल चाचपत होता.